जोडीचा माल

त्यांच्या दुकानाची पायरी चढून तुम्ही तोंड उघडायच्या आत ते "न्हाय" म्हणायचे. आधी न्हाय, मग चष्मा कपाळावरून नाकावर, आणि मग "काय पायजे?" दिवेआगरात त्या दुकानाला रीतसर नाव होतं, पाटीवर लाल अक्षरांत लिहिलेलंही होतं, पण वादळात पाटीचा निम्मा पत्रा उडाला आणि उरलेल्या अर्ध्या नावाने कुणी हाक मारेना. सगळे 'न्हाय मेडिकल' म्हणायचे. रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं की तो बरोबर दारात आणून सोडायचा.

त्या दुकानाच्या वरच्या खोलीत मी तीनेक वर्षं भाड्याने राहिले. मी घाटावरची, इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला आलेली. वादळाला वर्ष होऊन गेलं होतं, तरी वाड्यांमधून शेंडे तुटलेले माड तसेच उभे होते. गावात खोली मिळेना, कारण ज्याच्याकडे म्हणून जादा खोली होती त्याने ती पर्यटकांसाठी रंगवून ठेवलेली. शेवटी शेजारच्या वनिताताईंनी ही जागा सुचवली. वनिताताई घरगुती खानावळ चालवत, माझा डबा त्यांच्याकडेच होता. "जागा चांगली हाय, बाई," त्या म्हणाल्या, "पर मालक जरा..." आणि त्यांनी कानाशी बोट नेऊन हवेत एक गिरकी दिली. गिरकीचं मला काही वाटलं नाही. मेडिकलच्या डोक्यावर राहायला मिळतंय, एवढ्यासाठीच मी ती खोली घेतली.

कारण मला फिट येते. लहानपणापासून येते. रोज एक पांढरी, जुन्या काळची, शर्टाच्या बटणाएवढी गोळी घेतली की येत नाही. दोन-चार दिवस चुकली की येते. माझ्या पहिल्या शाळेत मी भर प्रार्थनेच्या वेळी पडले होते. संस्थेच्या लोकांनी मला इतक्या प्रेमाने "आता विश्रांती घ्या" म्हटलं की नोकरी गेल्याचं घरी पोचल्यावर कळलं. ठरत आलेलं लग्न त्याच महिन्यात मोडलं. तेव्हापासून मी कुणाला सांगत नसे. दिवेआगरात ते एकट्या मेडिकलवाल्या काकांना माहीत होतं, आणि तेही इलाज नव्हता म्हणून.

पहिल्या आठवड्यात मी मुंबईच्या डॉक्टरांची चिठ्ठी घडी करून काउंटरवर सरकवली. दुकानात आणखी एक गिऱ्हाईक होतं. काकांनी चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "न्हाय." ते गिऱ्हाईक पायरी उतरून गेलं तसे काका मागे वळले, कुठेतरी हात घालून एक स्ट्रिप काढली आणि माझ्यापुढे ठेवली. "चारचौघांत न्हायच म्हनायचं," ते म्हणाले. "हाय म्हनलं की उद्या कपाट रिकामं." माझ्या आजाराविषयी त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही आणि पुढेही कधी विचारलं नाही.

त्या गोळीचं दुखणं असं की ती फार स्वस्त होती. अख्खी स्ट्रिप चहा-वड्याच्या पैशांत यायची. मला वाटायचं, बरंच आहे की. त्यातली खोच काकांनी मला समजावली, तीही माझ्याकडे न बघता, फडक्याने काउंटर पुसत.

"सरकारनं भाव ठरवला, चांगलं केलं. गरिबाचं औषध हाय ते. पर त्या भावात ते बनवायचं कुनी, ते ठरवलं न्हाय. कच्चा माल महागला. कंपनी म्हनते, आमची नवी गोळी घ्या, पाचपट भावाची. जुनीचं मशीन बंद. दुकानवाला म्हनतो, हिच्यात मला काय सुटतं? उगा जागा अडते. म्हंजे बघा बाई, कागदावर औषध हाय, यादीत हाय, भाव हाय. गोळी न्हाय."

मी विज्ञानाची शिक्षिका. वर्गात पुष्कळ गोष्टी समजावून सांगते, पण एखादी वस्तू स्वस्त झाली म्हणून नाहीशी होते, हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. असल्या स्वस्त होऊन नाहीशा झालेल्या गोळ्यांमागे काका पंधरवड्यातून एकदा एसटीने माणगावला जायचे. फिटेची, हृदयाची, थायरॉइडची. माणगावच्या घाऊक व्यापाऱ्याला या माणसाची नड पुरती कळलेली होती. तो म्हणे, "एक डबा आहे, पण जोडीला हा माल उचलावा लागेल."

जोडीचा माल म्हणजे जो कुणालाच नको असतो तो. प्रोटीन पावडरचे भलेमोठे डबे, उवांचा साबण, ग्राइप वॉटर, गुडघ्याला घालायचे पट्टे, चेहरा गोरा करायची क्रीम. मोठ्या शहरात हे खपत असेल. दिवेआगरात प्रोटीन पावडर कोण घेणार? इथली माणसं सुरमई खातात. पण काका तो सगळा माल मुकाट्याने एसटीच्या टपावर चढवायचे, कारण त्याच्या तळाशी कुठेतरी आमच्या गोळ्यांचा एक चपटा डबा असायचा.

आणि मग हा माल संपवायचा कसा, तर स्वतः वापरून. संध्याकाळी दुकान बंद केल्यावर ते प्रोटीनचे दोन चमचे पाण्यात ढवळून उभ्या उभ्या प्यायचे. हे त्यांचं जेवण. मी एकदा चाखून पाहिलं, वास चॉकलेटचा आणि चव ओल्या भिंतीची. डोक्याला उवांचा साबण लावायचे. डोक्यावर केसच इतके कमी की तिथे ऊ राहिली असती तर तिला लांबूनच ओळखता आली असती. दोन्ही गुडघ्यांना पट्टे. मी विचारलं, "काका, गुडघे दुखतात का?"

"न्हाय."

"मग पट्टे?"

"आता घेतलेत तर घालायला नकोत?"

लग्नाकार्यातही त्यांचा आहेर याच मालातून जायचा. कोळीवाड्यातल्या एका लग्नात त्यांनी नवरानवरीला ग्राइप वॉटरच्या दोन बाटल्या रंगीत कागदात गुंडाळून दिल्या. नवरीची आजी भयंकर रागावली. वनिताताईंना ती गोष्ट वर्षभर हसायला पुरली. काकांना मात्र यात हसण्यासारखं काय आहे तेच समजेना. "लागनार तर हायच की," ते म्हणाले.

गावात त्यांच्याशी कुणाचं भांडण नव्हतं, पण कुणी त्यांच्या पायरीवर टेकायलाही येत नसे. याला कारण त्यांची देण्याची पद्धत. कुणालाही ते एका वेळी पुरतं औषध देत नसत. कात्रीने स्ट्रिप कापून चार-पाच गोळ्या हातावर ठेवायचे. "बाकीच्या सोमवारी." लोक चिडायचे. समुद्राकडेला बंगला बांधलेले मुंबईचे एक गृहस्थ एकदा बीपीच्या दहा स्ट्रिपा मागायला आले. काका म्हणाले, "न्हाय." त्या गृहस्थांना काचेतून स्ट्रिपा दिसत होत्या. त्यांनी बोट दाखवलं. काका म्हणाले, "त्या हायत. तुमाला न्हायत. तुमच्या मुंबईत गल्लोगल्ली दुकान हाय. हितल्या मान्सानं माझ्याकडून न्हेलं न्हाय तर त्याला माणगाव हाय." गृहस्थांनी आवाज चढवला, ग्राहकाचे हक्क काढले, फोनमध्ये काहीतरी लिहायला लागले. काका शांतपणे चष्मा कपाळावर चढवून रस्त्याकडे बघत बसले. हा त्यांचा दुकान बंद करण्याचा एक प्रकार होता.

सोमवारी या, गुरुवारी या, यामागे औषध पुरवून वापरण्याचा हिशेब होता हे खरंच. पण मला हळूहळू वाटू लागलं की तेवढंच नव्हतं. मी तर त्यांच्या डोक्यावर राहत होते, मी कुठे पळून जाणार होते? तरी मलाही एका वेळी एकच स्ट्रिप मिळायची. ती घ्यायला गेले की ते विचारायचे, "काय म्हनते शाळा?" मी सांगू लागले की त्यांचं लक्ष नसायचं. पण मी थांबले की म्हणायचे, "मग?" म्हणून मी आणखी काहीतरी सांगायची. माणूस आपल्याकडे परत यावा म्हणून दुसऱ्या कुणी चहा पाजला असता, गप्पा मारल्या असत्या. यांना ते जमत नव्हतं, यांच्याकडे कात्री होती.

एकदा भाडं द्यायला मी दुकानामागच्या खोलीत गेले. त्यांची बायको मी यायच्या बरीच वर्षं आधी वारली होती, मुलगा-सून डोंबिवलीला. खोलीत भिंतीपासून छतापर्यंत खोकी. स्वयंपाकाचा ओटा खोक्यांनी भरलेला. पलंग दोघांचा होता, त्यातल्या अर्ध्या भागावर प्रोटीनचे डबे ओळीने लावलेले आणि उरलेल्या अर्ध्यात एक उशी. मी बघतेय हे त्यांना जाणवलं असावं. "मोकळं ठेवून तरी काय करायचं?" ते म्हणाले. मी पैसे दिले आणि वर आले, पण त्या दिवशी वनिताताईंनी गिरकी दिली तेव्हा मला हसू आलं नाही.

आता त्या डब्याची गोष्ट सांगायला हवी.

वादळात दुकानाचे पत्रे गेले तेव्हा आतल्या गोळ्या भिजून लगदा झाल्या होत्या. शाबूत राहिले ते फक्त प्रोटीनचे डबे, झाकणं घट्ट म्हणून. यावरून काकांनी धडा घेतला. समुद्राकाठच्या दमट हवेत मिठाच्या बरणीत तांदूळ टाकून ठेवायची इथे पद्धत आहे. काकांनी प्रोटीनच्या एका रिकाम्या डब्यात तांदूळ भरले, नडीच्या गोळ्यांच्या स्ट्रिपा त्या तांदळात खोल पुरल्या आणि डबा दुकानातल्या बाकीच्या प्रोटीनच्या रांगेत उभा केला. ना ओलीची भीती, ना चोराची. त्या रांगेतला डबा आजवर कुणी विकत घेतला नव्हता. याहून सुरक्षित जागा अख्ख्या रायगड जिल्ह्यात नव्हती.

मग एका शनिवारी संध्याकाळी एक मुलगा दुकानात आला. पुण्याचा असावा, बिनबाह्यांचा बनियन, दंड दाखवायची हौस. मी वर जायच्या जिन्यावर उभी होते.

"काका, प्रोटीन आहे का?"

काका न्हाय म्हणायला तोंड उघडून बसलेलेच होते. ते तसेच राहिले. मग त्यांच्या तोंडून इतक्या मोठ्याने "हाय!" निघालं की रस्त्यावरचं कुत्रं उठलं. ते स्टुलावर चढले, डबा काढला, आपल्या शर्टाने पुसला. मुलाने मागितलं नसताना त्यांनी किंमत कमी केली. वर गुडघ्याचा एक पट्टा फुकट दिला. मुलगा गेला तरी ते पायरीवर उभे राहून त्याची गाडी वळेपर्यंत बघत होते. "बाई, गेला एक!" ते मला म्हणाले. त्या संध्याकाळी दुकान आवरताना ते गुणगुणत होते. त्यांना गुणगुणता येतं हे मला माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी स्ट्रिप संपली म्हणून मी खाली गेले. काकांनी नेहमीसारखा डबा काढला, झाकण फिरवलं. आत पावडर. त्यांनी दुसरा डबा काढला. त्यातही पावडर. मग तिसरा. मला अजून काही कळलं नव्हतं. पण ते एकामागून एक डबे काढत गेले, झाकणाखालची सीलं फाडत गेले, काउंटरभर तपकिरी पावडर सांडली, आणि शेवटचा डबा फोडून झाल्यावर ते मटकन स्टुलावर बसले. त्यांचे हात पावडरीने भरले होते, ते तसेच त्यांनी तोंडावर ठेवले.

मग आम्ही दोघं त्या मुलाला शोधायला निघालो. दिवेआगरात घर तितकी पर्यटकांची सोय. ज्या माणसाने वर्षानुवर्षं कुणाकडे पाऊल टाकलं नव्हतं, तो दारोदार जाऊन विचारत होता, "बनियनवाला पोरगा हाय का तुमच्याकडं? पुन्याचा?" लोक त्यांच्या तोंडावरची पावडर बघायचे आणि मग माझ्याकडे बघायचे. एक जण म्हणाला, "का ओ, आज तुम्हीच विचारताय, आन् आम्ही न्हाय म्हनायचं का?" काकांनी मान खाली घातली. उन्हात त्यांचे ते दोन पट्टे घातलेले गुडघे खरोखरच दुखायला लागले असावेत, चाल लंगडी झाली होती. मला त्यांचा राग येत होता आणि कीवही येत होती, आणि या दोन्हींच्या खाली भीती होती. अंगात औषध नसताना येणारी ती भीती मला ओळखीची होती.

समुद्राकडच्या शेवटच्या एका घरात कळलं, ते लोक पहाटेच निघाले. घरमालकाने नंबर दिला. काकांनी लावला. मुलाच्या आईने उचलला. काका "बाईसाहेब, त्या डब्यात..." एवढंच म्हणाले आणि पुढचा सगळा वेळ पलीकडूनच बोलणं आलं. डब्यात तांदूळ निघाले. तांदळात कसल्या तरी गोळ्या निघाल्या. तुम्ही पोरांच्या जिवाशी खेळता. आम्ही तक्रार करणार आहोत. फोन बंद झाला. काकांनी पुन्हा लावला, उचलला गेला नाही.

परतताना वाटेतल्या मोरीच्या कठड्यावर ते बसले. मग म्हणाले, "इतक्या वर्सांत पयल्यांदा कुनी काय मागितलं आन् मी हाय म्हनलं. डोकंच चाललं न्हाय, बाई."

मी त्यांच्याशेजारी बसले.

दुपारपर्यंत व्हिडिओ गावात पोचला. वनिताताईंनीच मला दाखवला. तो मुलगा डबा उपडा करतोय, ताटात तांदूळ पडताहेत, मागे कुणीतरी खिदळतंय, आणि मग गोळ्यांच्या स्ट्रिपा पडल्यावर एकदम आवाज बदलतो. खाली लोकांनी लिहायचं ते लिहिलं होतं. वनिताताई पहिल्यांदा हसल्या, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमाला काय झालं वो? तोंड का उतरलं?" मी डोकं दुखतंय म्हणाले.

काकांना खणात चार सुट्या गोळ्या सापडल्या, त्या त्यांनी मला दिल्या. मी अर्धी अर्धी करून घेऊ लागले. पुढचे दिवस ते पहाटेच्या एसटीने निघायचे. माणगाव, महाड, पनवेल. संध्याकाळी रिकामे यायचे आणि जिन्याखालून नुसते "बाई" म्हणायचे. त्या एका शब्दाच्या आवाजावरून मला कळायचं.

आणि मग औषध निरीक्षक आले. तरुण होते, शर्ट इस्त्रीचा, वागायला सभ्य. पण दुकानासमोर गाडी थांबली तशी गर्दी जमली. माझ्या वर्गातल्या मुलांचे आईबाप त्यात होते, शाळेचे शिपाई होते. मी जिन्यावर होते.

"या गोळ्या डब्यात का ठेवल्या होत्या?" निरीक्षकांनी फोनमधला फोटो दाखवून विचारलं. "यात फिटेच्या गोळ्या आहेत. चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. कुणासाठी होत्या?"

काका म्हणाले, "माझ्या."

"तुमच्या? तुम्हाला फिट येते?"

"येते."

गर्दीत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, "तरीच!" दुसरा म्हणाला, "मी म्हनत न्हवतो, जरा येगळंच हाय बेनं?" काका सरळ उभे होते. चष्मा कपाळावर चढवलेला होता.

"कधीपासून?" निरीक्षकांनी विचारलं.

"ल्हानपनापासून."

"चिठ्ठी?"

"वादळात गेली."

त्यांना नीट खोटंही बोलता येत नव्हतं. मी तिथे उभी राहून विचार करत होते की हा माणूस आता गावभर फिटवाला म्हणून ओळखला जाईल आणि त्याचा परवाना जाईल, आणि उद्या सकाळी मी साडी नेसून शाळेत जाईन. आपण गप्प राहिलो तर आपलं सगळं जागच्या जागी राहील, हेही मला दिसत होतं. मग मी वर गेले, फाईल काढली आणि खाली येऊन काउंटरवर ठेवली.

"गोळ्या माझ्या आहेत," मी म्हटलं. माझा आवाज वर्गात लागतो तसा लागला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यांचं ऐकू नका, सायेब. शाळेतल्या बाई हायत. उगा मधी पडतात."

"काका, फाईल आहे."

"कसली फाईल? त्यांना काय बी न्हाय. धडधाकट हायत त्या."

निरीक्षकांनी फाईल उघडली. पानं चाळली. माझं नाव, माझं वय, माझा आजार, सगळं तिथे होतं. त्यांनी ती मिटून दोन्ही हातांनी मला परत दिली आणि काकांना हळू आवाजात म्हणाले, "नियमाप्रमाणे मला लिहावंच लागेल." वनिताताईंनी पदराने तोंड झाकलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

गर्दी गेल्यावर काका माझ्यावर असे भडकले की मी बघतच राहिले. "कशाला बोललात? माझं काय जात होतं? माझ्याशी तसं बी कोन बोलतं? मला फिट येते म्हनले काय, न्हाय म्हनले काय. सांजच्याला मी आन् हे डबे. तुमची नोकरी हाय. तुमाला मान्सं हायत." मला कुठे कोण होतं? पण हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांच्या हिशेबाने, जिन्याने वर जाऊन दिवा लावणारं कुणी असलं म्हणजे त्याला माणसं होती.

माझी नोकरी गेली नाही. अलिबागच्या सरकारी दवाखान्यातून थोड्या दिवसांच्या गोळ्या मिळाल्या, त्या संपल्यावर डॉक्टरांनी नवी, महाग गोळी सुरू केली. तिने दिवसभर झापड यायची आणि खडू हातातून सुटायचा. एकदा स्टाफरूममध्ये पडलेही. शुद्धीवर आले तेव्हा शिपायांनी माझ्या डोक्याखाली मुलांच्या वह्यांचा गठ्ठा ठेवला होता आणि मुख्याध्यापक वारा घालत होते. मी ज्याला इतकी वर्षं घाबरले ते एवढंच होतं.

परवाना काही काळापुरता थांबवला होता. मुदत संपल्यावर काका दुकान उघडू शकले असते. पण त्याआधी मुलगा गाडी घेऊन आला. त्याने माल मिळेल त्या भावाने काढला आणि वडिलांना पुढच्या सीटवर बसवलं. जाताना काकांनी मला हाक मारली नाही. मी शाळेत होते. संध्याकाळी आले तर शटर ओढलेलं होतं आणि पायरीवर आपल्या 'सोमवारच्या' बाकीच्या गोळ्या घ्यायला आलेली एक म्हातारी बसलेली होती.

पुढे माझी बदली झाली. जुनी गोळीही परत आली. सरकारने भाव थोडा वाढवून दिला म्हणे, आणि कंपनीने पुन्हा ती काढली. अजूनही ती स्वस्तच आहे, आणि आता बऱ्याच ठिकाणी मिळते.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी डोंबिवलीला गेले होते. पत्ता वनिताताईंनी दिला होता. सूनबाईंनी दार उघडलं, चांगल्या वागल्या, चहा टाकायला आत गेल्या. काका बाल्कनीत प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. अंगावर धुतलेले, इस्त्रीचे कपडे. गुडघ्यांना पट्टे नव्हते. केसांना कसलातरी चांगला वास येत होता. समोर कठडा होता, त्याच्यापुढे दुसऱ्या इमारतीची बाल्कनी. त्यांनी मला ओळखलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"काय म्हनते शाळा?" त्यांनी विचारलं.

मी सांगू लागले. थांबले. ते "मग?" म्हणाले नाहीत. सूनबाई आतून म्हणाल्या, "हल्ली असेच बसतात. खाणंपिणं सगळं वेळेवर आहे हो, काही त्रास नाही. पण बोलत नाहीत." मला त्या क्षणी त्या ओल्या भिंतीच्या चवीच्या पावडरचीसुद्धा आठवण आली. तिथे ते निदान कुणाची तरी वाट बघत होते.

चहा पिऊन झाला. मी उठायच्या बेतात होते, तेव्हा त्यांनी मान वळवली.

"आन् गोळी?" ते म्हणाले. "मिळते ना?"

पर्स माझ्या मांडीवर होती. तिच्यात आदल्या दिवशी घेतलेल्या तीन स्ट्रिपा होत्या. स्टेशनजवळच्या पहिल्याच दुकानात मिळाल्या होत्या, तिथल्या पोऱ्याने न बघता काढून दिल्या होत्या.

मी त्यांच्याकडे बघितलं. "नाही मिळत, काका," मी म्हटलं. "कुठेच नाही."

काका खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन उठले. "न्हाय म्हंजे? विचारलं कुनाला? ह्ये लोक कपाटात असून न्हाय म्हनतात, मला सांगता तुमी?" दाराशी जाऊन ते चपला शोधू लागले. सूनबाई हातात कप घेऊन बघत राहिल्या. "अहो बाबा, कुठे निघालात?"

"येतो जरा. बाईंचं औषध बघायचंय," ते म्हणाले. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि माझ्या आधी जिना उतरू लागले.

मी पर्सची चेन नीट लावली आणि त्यांच्यामागून निघाले.